कुणकेश्वरची छायाचित्रण कार्यशाळा : बारा छायाचित्रे आणि एक आरसा

‘कॅमेऱ्यातून स्वतःचा शोध’ हे जाहिरातीतले शब्द वाचून मी साशंकच झालो होतो, तरीही देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरला भरलेल्या या दोन दिवसांच्या कार्यशाळेला गेलो. पहिल्या पहाटे समुद्रालगतच्या शिवमंदिराच्या आवारात प्रशिक्षकांनी तासभर कॅमेरा पिशवीतच ठेवायला लावला आणि नंतर प्रत्येकाला केवळ १२ छायाचित्रे काढण्याची मुभा दिली. मोजूनमापून काढायचे म्हटल्यावर सवयीने कळसाकडे वळणारा माझा हात थांबला, आणि पायरीवर उमटून वाऱ्याने हळूहळू वाळत चाललेले एका आजींचे ओले पाऊल दिसले.

खरी कमाई मात्र रात्रीच्या दशावताराची, म्हणजे कोकणातल्या पारंपरिक लोकनाट्याची. रंगमंचामागे स्त्रीभूमिका करणारे एक कलावंत हातातल्या आरशात पाहून स्वतःच चेहरा रंगवत होते. कुंकू रेखून त्यांनी पदर सावरला, तेव्हा त्यांची बसण्याची ढबही पालटली. एकाच दिव्याच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० पर्यंत नेऊन मी ते टिपले, तर आरशाच्या कडेला माझाही अर्धा चेहरा आलेला. प्रशिक्षकांनी तो कापू दिला नाही.

उणिवा आहेत. वीस जणांची तुकडी फार मोठी होती, छायाचित्रांवरची चर्चा घाईत उरकली, आणि खाऱ्या हवेत भिंग कसे जपावे हे कोणीच सांगितले नाही. सोलकढी उत्तम होती, हे नोंदवायला हवे. नाव नोंदवायचे असल्यास कार्तिकात कोकणातल्या गावोगावच्या जत्रा आणि त्यांतले दशावताराचे खेळ सुरू झाल्यावरच नोंदवावे.