हेवी डिपॉझिट की महिन्याचं भाडं?

मुंब्र्यात खोली शोधणाऱ्या मामेभावाने विचारलं: पाच लाख हेवी डिपॉझिट देऊन बिनभाड्याने राहू, की दरमहा आठ हजार भरू?

खर्च बघितला तर डिपॉझिट स्वस्त, रक्कम परत मिळते. पण घरमालक ती वापरतो, म्हणजे फिकहच्या, इस्लामी कायद्याच्या, नजरेने ते कर्जच. कर्जापोटी फुकट राहायला मिळणं हा कर्जावरचा फायदा, म्हणून अनेक उलेमा (धर्मपंडित) त्याला सूद, म्हणजे इस्लाममध्ये हराम असलेलं व्याज, मानतात. नावाला शंभर रुपये भाडं लावून यातून सुटका होत नाही. शिवाय खोली सोडताना मालकाचा हात रिकामा असला तर पैसे अडकतातच.

भाड्यात, म्हणजे इजाऱ्यात, रक्कम आणि मुदत आधी ठरली की व्यवहार स्वच्छ. मोठी दुरुस्ती मालकाकडे.

पगारदाराने महिन्याचं भाडंच धरावं. गाठीला पैसा आहे पण कमाई अनियमित, त्याने वर्षाचं भाडं आगाऊ भरून दर कमी करून घ्यावा. ते जायज आहे.