आदिमानवाची पेटी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुलैमध्ये पाचवीच्या वर्गासाठी आदिमानव प्रकल्पाची तयार पेटी मागवली. मानवाची वाटचाल पोरांच्या हातांखालून जावी, एवढाच हेतू. किंमत 3,200 रुपये. आता मार्च लागलाय. नागपुरातल्या आमच्या 46 मुलांच्या वर्गात ती पेटी पुरती वापरून झाली, म्हणून लिहिते.

घ्यायची तर कवट्यांसाठी घ्या. अर्ध्या आकाराच्या चार आहेत: ऑस्ट्रॅलोपिथेकस, होमो इरेक्टस आणि निअँडरथल या आपल्या नामशेष भाऊबंदांच्या, आणि एक आपली. पहिल्याच दिवशी एका मुलीने इरेक्टसच्या भुवईवरच्या उंचवट्यावरून बोट फिरवलं आणि मग स्वतःच्या कपाळावरून. बघता बघता सगळा वर्ग आपापली कपाळं चाचपू लागला. पंधरा मिनिटं दुसरं काही शिकवलं नाही. इतक्या हाताळणीनंतरही एकही कवटी तडकलेली नाही.

कालपट्टीने मात्र निराशा केली. दोन मीटरच्या कागदावर सगळी चित्रं सारख्या अंतरावर, म्हणजे पोरांना वाटणार की अश्मयुग आणि शेती शेजारी-शेजारी. ती गुंडाळून ठेवली आणि 32 मीटर सुतळी आणली. एक मीटर म्हणजे एक लाख वर्षं. एका टोकाला ल्युसी, म्हणजे 1974 साली इथिओपियात सापडलेली, 32 लाख वर्षांपूर्वीची ऑस्ट्रॅलोपिथेकस. दुसऱ्या टोकाला आज. सुतळी मैदानावर अंथरली. आपली प्रजाती शेवटच्या तीन मीटरांत येते, शेती शेवटच्या दहा-बारा सेंटीमीटरांत. निअँडरथल आजच्या टोकाआधी चाळीस सेंटीमीटरपर्यंत आपल्या सोबतच होते, म्हणून दोघांच्या रंगीत फिती शेजारी-शेजारी बांधल्या. पुस्तिकेतलं माकडापासून माणसापर्यंतच्या सरळ रांगेचं चित्र त्यानंतर मी दाखवलंच नाही.

काटोल रोडवरच्या जुनापाणीची शिळावर्तुळं पाहून आलेला एक पोट्टा म्हणाला, "मॅडम, ते तं आदिमानवाचेच दगड हायेत ना?" ती लोहयुगातली. सुतळीवर जेमतेम तीन सेंटीमीटर. त्याने स्वतः मोजून गाठ मारली.

प्लास्टिकची हातकुऱ्हाड निरुपयोगी. तिला धारच नाही, तर हत्यार कशाला म्हणायचं? मुलांना लांब बसवून, चष्मा आणि हातमोजे घालून मी गारगोटीवर दगड मारून कपच्या काढल्या. एका कपचीने टमाटर अलगद कापला गेला तेव्हा मागच्या बाकावरची मुलं उभीच राहिली.

उत्खननाचा प्लास्टरचा ठोकळा ऑगस्टच्या दमट हवेत भुसभुशीत झाला आणि हाडांना बुरशी धरली. विक्रेत्याला तीनदा फोन केले, बदली ठोकळा डिसेंबरात आला. नागपूरच्या पावसाळ्यात तो उघडा ठेवू नका.

आणखी एक उणीव मनाला लागली. पेटीत भारताचं नावच नाही. "आपल्या इकडे कोणी नव्हतं का?" हा प्रश्न दोनदा आला. नर्मदेकाठी हथनोरा इथे 1982 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग सापडला, हे मी फळ्यावर नकाशा काढून सांगितलं. प्राचीन गुहाचित्रांचं भीमबेटकाही तिथेच दाखवलं. मग इतवारीतून गेरू आणला, पाण्यात कालवला आणि हाताभोवती फवारून खाकी कागदावर 46 पंजे उमटवले. पेटीतली रंगाची डबी अकरा पंजांतच संपली होती.

कवट्या सुट्या मिळत असतील तर तेवढ्याच घ्या. उरलेल्या पैशांत सुतळी, गेरू आणि खाकी कागद सहज येतो.