'क्विकली' शोधायला ऑक्सफर्डचा मोफत कोश कितपत पुरतो?

ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीज हे संकेतस्थळ मोफत आहे. जाहिराती सोसाव्या लागतात. निळा स्पीकर दाबला की ब्रिटिश उच्चार, लाल दाबला की अमेरिकन. पण शब्दकोश पारखायला सोपा शब्दच घ्यावा. 'क्विकली' त्यासाठी उत्तम: पातळी ए१, म्हणजे पहिली पायरी, आणि तरी मराठी विद्यार्थ्याच्या वाक्यात हमखास घसरणारा.

कोश त्याचे दोन अर्थ वेगळे देतो. एक 'वेगाने', दुसरा 'थोड्याच वेळात'. हा दुसरा अर्थ सुटा मांडला हे फार बरे झाले. 'शी रिप्लाइड क्विकली' म्हणजे तिने भरभर टाइप केले असे नव्हे. उत्तर यायला वेळ लागला नाही, एवढेच.

खरा ऐवज 'क्विक'च्या पानावरच्या 'व्हिच वर्ड?' या चौकटीत आहे. ती मिटलेली असते, शीर्षकावर टिचकी मारून उघडावी लागते, म्हणून बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. धावण्याच्या, गाडीच्या वेगासाठी जास्त करून 'फास्ट' वापरतात, 'फास्टली' असा शब्दच नाही, आणि क्रियाविशेषण म्हणून नुसते 'क्विक' फक्त अगदी अनौपचारिक बोलण्यात चालते, हे सगळे तिथे आहे. शिकवणीच्या चार वह्या वाचतील.

अडते ते 'लवकर'पाशी. 'उद्या लवकर ये' इथे अर्ली हवे. 'तो लवकर बरा होवो' इथे सून (soon). 'लवकर जेव, बस येईल' इथे क्विकली. मग 'कम क्विकली टुमॉरो' असे वाक्य तयार होते आणि कोश ते पकडू शकत नाही. इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतच सांगणाऱ्या कोशाला आपला 'लवकर' कुठून माहीत असणार? यावर तोडगा सोपा आहे. 'लवकर' काढून त्या जागी 'नेहमीच्या वेळेआधी' बसले तर अर्ली, 'थोड्याच दिवसांत' बसले तर सून, 'भरभर' किंवा 'पटकन' बसले तर क्विकली.

'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' आणि 'अ‍ॅज क्विकली अ‍ॅज पॉसिबल' यांतही हाच फरक. काम कधी व्हावे हे सांगायचे तर पहिले, कामाला किती कमी वेळ लागावा हे सांगायचे तर दुसरे. घाईघाईने केलेले काम नको असेल तर पहिलेच लिहावे.

दुसरी उणीव शब्दाच्या जागेची. 'ही ओपन्ड क्विकली द डोअर' चूक आहे, कारण क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द शिरत नाही. 'ही क्विकली ओपन्ड द डोअर' किंवा 'ही ओपन्ड द डोअर क्विकली', दोन्ही चालतात. मराठीत 'पटकन दार उघडले' काय आणि 'दार पटकन उघडले' काय, काही बिघडत नाही, म्हणून हा नियम मुद्दाम शिकावा लागतो. कोशातली उदाहरणे बिनचूक आहेत, पण उदाहरणावरून नियम ताडणे नवख्याला जमत नाही. केंब्रिज डिक्शनरीच्या संकेतस्थळावर व्याकरणाचा वेगळा विभाग आहे, तो जोडीला उघडून ठेवावा. तिथे अनेक शब्दांना मराठी प्रतिशब्दही मिळतात. प्रतिशब्द वाचून थांबू मात्र नये, खालची वाक्ये वाचावीत.

'रॅपिडली' बी२ पातळीवर, म्हणजे चौथ्या पायरीवर, दाखवला आहे, तेही योग्यच. लोकसंख्या, तापमान, रोगाचा फैलाव यांना तो शोभतो. पोराला ताट संपवायला सांगताना नाही.

इंटरनेटशिवाय कोश लागत असेल तरच पैसे मोजून ॲप घ्यावे.