छप्पन केचा मोडेम: दीड वर्ष वापरला, त्याचा अनुभव

हा रिव्ह्यू यायला जरा उशीर झालाय. वस्तू घेतली नोव्हेंबर १९९९ मध्ये, दिवाळीच्या बोनसवर. मे २००१ पर्यंत वापरली. लिहितोय आत्ता, कारण परवा माळा आवरताना बाबांची वही सापडली. वहीचं पुढे सांगतो.

वस्तू म्हणजे बाहेरून जोडायचा ५६ के मोडेम, फोनच्या वायरीवरून कॉम्प्युटर इंटरनेटला जोडणारा डबा. ५६ के म्हणजे सेकंदाला छप्पन हजार बिट, हा कागदावरचा वेग. पुण्यात तपकीर गल्लीतून साडेतीन हजारांना आणला. कॉम्प्युटरच्या आत बसणारं कार्ड बाराशेला मिळत होतं, पण दुकानदार म्हणाला, "याला दिवे आहेत, काय चाललंय ते दिसतं." बाबा हिशेब खात्यातले. पैसे जाताना दिसले पाहिजेत, एवढ्यावर त्यांनी जवळपास तिप्पट मोजले.

आम्ही तसे उशिराचे गिऱ्हाईक. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट लोकांना खुलं केलं, तेव्हा आमच्याकडे फोनचीच वाट बघणं चालू होतं. मित्राच्या मोठ्या भावाकडे निगमचं विद्यार्थ्यांसाठीचं पाचशे रुपयांत पाचशे तासांचं खातं होतं, त्यात नुसती अक्षरं, चित्र एकही नाही. १९९८ च्या शेवटी खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि वर्षभरात शंभर तासांचं पाकीट दुकानात काउंटरवर मिळायला लागलं. आम्ही तेच आणलं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण संध्याकाळी सात ते दहा त्यांचा नंबर लागायचाच नाही. एरर ६७८. मी हा आकडा अजून झोपेतही सांगेन.

आवाजाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. आधी १७२ पासूनचा नंबर फिरायचा, पलीकडून एक लांब शिट्टी, मग खरखर. खरखरीच्या आधी 'ढंय-ढंय' असं दोनदा वाजलं तर वेग चाळीसच्या वर. नाही वाजलं तर तेहतीस किंवा त्याहून कमी, आणि मग तोडून पुन्हा लावायचं की आहे त्यात भागवायचं हे तिथेच ठरवायचं, कारण प्रत्येक वेळी लागलेल्या फोनचा कॉल मोजला जायचा. दीड वर्षात मला मिळालेला सगळ्यात चांगला आकडा ४५,३३३. खोक्यावर ५६ लिहिलंय ते विसरा. पावसाळ्यात २६,४०० वर आलो होतो, खांबावरच्या डबीत पाणी गेलं की फोनवर माणसाचंही धड ऐकू यायचं नाही, तिथे मोडेमचं काय. रात्री आवाज बंद ठेवायला सेटिंगमध्ये 'एटीएम शून्य' अशी आज्ञा लिहायची असते हे मला एका मासिकातून कळलं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "एटीएम शून्यच होणार आहे."

आता खरी तक्रार. आमचा फोन आमचा एकट्याचा नव्हता. जिन्यातल्या तीन घरांनी तो पीपी म्हणून, म्हणजे शेजाऱ्यांमार्फत निरोप द्यायचा नंबर म्हणून, दिलेला होता. एका रविवारी मी चार एमबीचं गाणं उतरवत होतो. सेकंदाला साडेतीन केबी, म्हणजे साधारण वीस मिनिटं. सतरा मिनिटं झाली होती. दारात समोरच्या काकू. त्यांच्या मुलीला बघून गेलेल्या मंडळींचा निरोप दुपारी फोनवर यायचा होता आणि फोन तासभर 'एंगेज' लागतोय असं कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. काकू रागावल्या नाहीत. नुसत्या मोडेमच्या दिव्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मी वायर काढली. (स्थळ जमलं. गाणं पुन्हा पहिल्यापासून. तुटलेलं काम तिथून पुढे चालू करणारं सॉफ्टवेअर असतं हे मला पुढच्या महिन्यात कळलं.)

त्या दिवसानंतर वही आली. दोनशे पानी, लाल कापडी पाठीची. रकाने बाबांनी पट्टीनं आखलेत: तारीख, जोडले, तोडले, मिनिटे, कारण. आधी दोन महिन्यांचं बिल चारशेच्या आसपास यायचं, मोडेम आल्यावरचं पहिलंच एकोणीसशे आलं होतं, त्यामुळे वाद घालायला जागा नव्हती. 'कारण' रकान्यात काहीतरी लिहिल्याशिवाय वायर जोडायची नाही. सुरुवातीची कारणं माझ्या अक्षरात फार सभ्य आहेत: 'अभ्यास', 'अभ्यास', 'विद्यापीठाची माहिती'. फेब्रुवारीत एकदा नुसतं 'बघणे' लिहिलंय आणि बाबांनी शेजारी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलंय. १४ मार्च २००१ ला संध्याकाळी 'मामास स्कोअर कळविणे, ६ मिनिटे'. लक्ष्मण २७५, द्रविड १५५, दिवसभरात एकही विकेट नाही. मामा न्यू जर्सीत. त्याचं उत्तर आलं की तो रात्रभर जागून क्रिकइन्फोवरच होता. ही नोंद बाबांच्या अक्षरात आहे, माझ्या नाही.

या वहीमुळे आम्ही वापरायचं कसं हेच बदललं. मेल आधी नोटपॅडमध्ये लिहायची, आजीला वाचून दाखवायची, आईची भर घालायची, मग जोडायचं, हॉटमेलमध्ये चिकटवायची, आलेली पत्रं सेव्ह करायची, तोडायचं. चार मिनिटं. वाचायचं नंतर, सगळ्यांनी बसून. हॉटमेलचा डबा दोन एमबीचा, म्हणून मामानं बारशाचे फोटो पाठवले की आधी जुनं काय पुसायचं यावर घरात बैठक.

मराठी रोमन लिपीत लिहायचो. वर्तमानपत्रांच्या साइट बघायला त्यांचा त्यांचा फॉन्ट उतरवावा लागायचा, नाहीतर पानभर खिळे-मोळे दिसायचे, आणि आमच्या फॉन्टमध्ये लिहिलेलं मामाकडे उघडायचं नाही. तेव्हा रोमन. आजीनं सांगितलं, "लिही, आज कढी केली होती, तुझी आठवण आली." मी लिहिलं. मामाचं उत्तर: "काय केली होती? आणि कधी हे मला का विचारतेस?" रोमन लिपीत कढी आणि कधी एकच. आजीला हे समजावताना जेवण गार झालं. त्यानंतर ती प्रत्येक पत्राला विचारायची, "कढीसारखं काही राहिलं नाही ना?"

मे २००१. दुपारी वळीव आला, पहिल्याच कडकडाटात मोडेममधून वास. दिवे सगळे गेले. मी सवयीनं डायल करून पाहिलं, मोडेमकडून काही उत्तरच नाही. कॉम्प्युटर मात्र शाबूत राहिला. विजेचा झटका बाहेरच्या डब्यानं खाल्ला, आत कार्ड असतं तर बहुधा मदरबोर्डही गेला असता. साडेतीन हजार तिथे वसूल झाले असं मी म्हणेन, बाबा म्हणाले नाहीत. वहीत शेवटची ओळ त्यांची आहे. मिनिटे: ०. कारण: वीज.

घ्यावा का, हा प्रश्न आता उरला नाही. पण अडॅप्टर अजून चालू आहे, वहीबरोबरच सापडला. नऊ व्होल्टचा, पण बाहेर एसीच देणारा, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूला लागत नाही. कुणाला हवा असेल तर पुण्यात येऊन घेऊन जा.