नवे म्हणून विकलेले जुने टायर आणि आतल्या बाजूला गेलेली तारीख

कमी किमतीच्या उन्हाळी (म्हणजे कडक थंडी-बर्फासाठी नसलेल्या) टायरांचा पूर्ण संच मी नवा म्हणून विकत घेतला आणि त्यांतील एक टायर विक्रीच्या दिवशीच सात वर्षांहून जुना होता, ही गोष्ट मला बऱ्याच काळाने, तीही ब्रेकच्या कामासाठी चाके उतरवावी लागली म्हणून कळली. ही फसवणूक कशी रचली होती आणि ती उघडकीस येणे इतके अवघड का होते, हे मी येथे सविस्तर लिहीत आहे, कारण याच पद्धतीने फसलेली आणखी काही माणसे मला त्यानंतर भेटली आणि त्यांच्यापैकी काहींच्या गाड्यांना ते टायर अजूनही बसवलेले आहेत.

विक्रेत्याने माल ताजा असल्याचे सांगितले होते. टायर काळेभोर आणि तुकतुकीत दिसत होते, नक्षीवर साच्यातून निघताना राहणारे केसांसारखे रबराचे तंतू होते आणि खाचांची खोली मापकाने मोजली तेव्हा ती सुमारे ८ मिलिमीटर, म्हणजे नव्या उन्हाळी टायरला साजेशीच भरली. यांतील एकही गोष्ट खोटी नव्हती, आणि नेमकी हीच या फसवणुकीची ताकद आहे. जो टायर कधी रस्त्यावर धावलाच नाही, त्याचे तंतू झडत नाहीत आणि खाचाही झिजत नाहीत. तो गोदामात कितीही वर्षे पडून राहिला, तरी पॉलिशचा एक हात फिरवला की नव्यासारखा दिसतो. झिजून गोटा झालेला टायर कोणालाही ओळखता येतो. न वापरता म्हातारा झालेला टायर नुसत्या नजरेने ओळखणे सरावलेल्या माणसालाही कठीण जाते.

कोरड्या रस्त्यावर गाडी नेहमीसारखीच चालत होती. पहिला चांगला पाऊस झाला तेव्हा मात्र फरक जाणवला. ओल्या वळणावर, अगदी मध्यम वेगातही, मागची चाके बाहेरच्या बाजूला सरकू लागली आणि साधा ब्रेक दाबला तरी पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर जाणवू लागली, जी आधीच्या टायरांवर केवळ जोरदार ब्रेक मारल्यावरच जाणवत असे. विक्रेत्याकडे तक्रार नेली तेव्हा त्याने सांगितले की नव्या टायरांवर साच्यातून सुटे करण्यासाठी वापरलेल्या द्रव्याचा थर असतो, तो काहीशे किलोमीटर चालल्यावर निघून जातो आणि मग पकड येते. हे खरे आहे, अनेक उत्पादक सुरुवातीला सांभाळून चालवण्याचा सल्ला देतात. तेवढे अंतर उलटून गेल्यावर मी पुन्हा गेलो, तेव्हा हवा थंड असल्याचे कारण पुढे आले. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते, हेही खरेच आहे, पण त्या दिवसांत तापमान त्याच्या आसपासही नव्हते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, बिघडले असावे असे सांगून ते करून घ्यायला लावले. प्रत्येक उत्तरात थोडे तथ्य होते आणि प्रत्येक उत्तराने तक्रारीची मुदत तेवढी पुढे ढकलली जात होती.

पुढे दुसऱ्या एका गॅरेजमध्ये ब्रेक पॅड बदलण्यासाठी गाडी वर उचलली असता तेथील मेकॅनिकने आतल्या बाजूकडे लक्ष वेधले. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटच्या चार अंकांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ या वर्षाचा २३वा आठवडा. २००० सालापूर्वी हा भाग तीन अंकी होता. तारखेसह पूर्ण क्रमांक टायरच्या दोन्ही बाजूंना असतोच असे नाही. अनेकदा एका बाजूला पूर्ण क्रमांक आणि दुसऱ्या बाजूला त्याचा तारीख नसलेला भाग असतो. माझ्या टायरांची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी होती, म्हणजे कोणतीही बाजू बाहेर ठेवून ते बसवता येत होते, आणि चारही टायर तारखेची बाजू आत ठेवून बसवलेले होते. एखादा टायर सहज तसा बसू शकतो. चारही तसेच बसले आणि त्यांवर तीन वेगवेगळी वर्षे निघाली, तेव्हा याला योगायोग म्हणणे मला शक्य नव्हते.

न वापरलेला टायर जुना झाला तर बिघडते काय, असा प्रश्न मला नंतर अनेकांनी विचारला आणि विक्रेत्याचाही बचाव हाच होता, म्हणून याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. रबरावर हवेतील ऑक्सिजन आणि ओझोन यांचा सतत परिणाम होत असतो. तो रोखण्यासाठी मिश्रणात मेण आणि ऑक्सिडीकरण रोखणारी रसायने घातलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतात, म्हणून जुन्या टायरवर कधीकधी तपकिरी झाक दिसते. टायर चालता असेल तर तो वाकतो, दबतो आणि संरक्षक द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. एका जागी पडून असलेल्या टायरमध्ये ही क्रिया मंदावते. वर्षांमागून वर्षे रबर कडक होत जाते आणि कडक रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात पुरेसे रुतत नाही. कोरड्या रस्त्यावर हा दोष सहसा लक्षात येत नाही, तो ओल्या रस्त्यावर उघडा पडतो. त्या मेकॅनिकने रबराची कठीणता मोजणारे छोटे यंत्र लावून दाखवले. नवे उन्हाळी टायर शोर ए या मापावर साधारण ६० ते ७० च्या दरम्यान असतात आणि माझे चारही त्याच्या वर होते, त्यातही सर्वांत जुना सर्वांत वर. खाचांच्या तळाशी, जेथे पॉलिश पोहोचत नाही, तेथे बॅटरीच्या उजेडात बारीक भेगाही दिसल्या.

थंड, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवलेला एक-दोन वर्षांचा टायर घेण्यात काही गैर नाही आणि तसा टायर सांगून-सवरून विकला तर त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. पण अनेक टायर उत्पादक उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षांनी टायर, तो कितीही चांगला दिसत असला तरी, काढून टाकायला सांगतात आणि काही गाडी उत्पादक तर ६ वर्षांचीच मर्यादा घालतात. त्या हिशोबाने एका टायरचे आयुष्य माझ्या गाडीला लागण्याआधीच संपत आले होते आणि किंमत मात्र पूर्ण आयुष्याची घेतली होती.

तारखेचा शोध लागल्यावर बाजूवरचे बाकीचे आकडेही वाचले, तेव्हा दुसरी गोष्ट सापडली आणि ती मला पहिलीपेक्षाही गंभीर वाटते. माझ्या गाडीच्या दाराच्या चौकटीवरील तक्त्यात २०५/५५ आर १६ या मापापुढे भार निर्देशांक ९४ दिलेला आहे, ज्याचा अर्थ प्रत्येक टायरने ६७० किलो भार पेलला पाहिजे. बसवलेल्या टायरांवर माप तेच होते, पण निर्देशांक ९१ होता, म्हणजे ६१५ किलो. एका टायरमागे ५५ आणि चौघांमागे २२० किलोंचा हा फरक कुटुंब आणि सामान घेऊन निघालेल्या गाडीत निरर्थक नसतो. अशा वेळी टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि त्याच्या आतील थर सुटण्याचा धोका वाढतो. निर्देशांकानंतरचे अक्षर वेगमर्यादेचे असते, एच म्हणजे ताशी २१० आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटर. ते अक्षर बरोबर होते, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळेच बरोबर वाटले असते. बिलावर फक्त ‘२०५/५५ आर १६’ एवढेच लिहिलेले होते. भार निर्देशांक नव्हता, वेगाचे अक्षर नव्हते आणि डीओटी क्रमांकही नव्हता.

विक्रीच्या वेळी युरोपीय पद्धतीचे लेबल मला दाखवण्यात आले होते आणि त्यावर ओल्या रस्त्यावरील पकडीचा दर्जा चांगला होता. या लेबलबद्दल दोन गोष्टी माहीत असायला हव्यात. त्यावरील दर्जे उत्पादक स्वतः जाहीर करतो, आणि ते टायरच्या नावाला नव्हे तर त्या नावाच्या विशिष्ट मापाला व प्रकाराला लागू असतात. एकाच नावाच्या टायरचा एका मापात बी आणि दुसऱ्या मापात सी दर्जा असू शकतो. मे २०२१ पासूनच्या नव्या लेबलवर क्यूआर कोड असतो आणि तो उघडला की नेमके कोणते माप व कोणता निर्देशांक हे दिसते. मला दाखवलेल्या लेबलचे छायाचित्र माझ्याकडे होते. कोड उघडला, तर ते लेबल त्याच नावाच्या पण वेगळ्या मापाच्या टायरचे निघाले. शिवाय माझ्या गाडीवरील टायर या लेबलपद्धतीच्या आधीचे होते. दर्ज्यांतील फरक कागदावर एका अक्षराचा दिसतो, पण जुन्या लेबलपद्धतीत ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ओल्या रस्त्यावर थांबवताना ए आणि एफ या टोकांमधील अंतर सुमारे १८ मीटरपर्यंत जाऊ शकते असे सांगितले जात असे. इतक्या अंतरात पुढे थांबलेल्या चार गाड्या येतात.

ही सगळी छायाचित्रे घेऊन मी विक्रेत्याकडे गेलो. प्रथम त्याने वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे उत्पादनाच्या तारखेने काही फरक पडत नाही, असे सांगितले. मी टायर नवे असल्याचे त्याचेच शब्द आठवून दिले, तेव्हा त्याचा सूर बदलला आणि हे टायर आमच्याच दुकानातून गेले कशावरून, असा प्रश्न त्याने केला. बिलावर क्रमांक का लिहिला नव्हता, याचे उत्तर मला त्या प्रश्नात मिळाले. शेवटी त्याने जुने टायर परत दिल्यास नव्या संचावर सूट देऊ असे सुचवले. परत घेतलेल्या टायरांचे तुम्ही काय कराल, असे मी विचारले आणि त्यावर तो काहीच बोलला नाही. ते धुऊन, पॉलिश करून दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीला लागणार हे उघड होते, म्हणून मी ती सूट नाकारली. लेखी तक्रार, छायाचित्रे आणि दुसऱ्या गॅरेजचा तपासणीचा कागद ग्राहक तक्रार यंत्रणेकडे दिला आहे आणि टायर पुरावा म्हणून माझ्याकडेच ठेवले आहेत.

हे वाचून कोणी स्वस्त टायरच घेऊ नयेत असा निष्कर्ष काढू नये. माझ्या ओळखीचे काही चालक कमी किमतीचे उन्हाळी टायर वर्षानुवर्षे वापरतात आणि त्यांची बहुतेक तक्रार ओल्या रस्त्यावर थोडे लांब थांबण्याची किंवा आवाज वाढल्याची असते. टिकाऊपणा, इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरील पकड या तिन्ही गोष्टी एकाच रबरात साधणे महाग असते, म्हणून स्वस्त टायरमध्ये त्यांतील एखादी गोष्ट सोडलेली असते आणि सहसा ती पकडच असते. ही तडजोड ग्राहकाने समजून-उमजून केलेली असते. जे त्याने निवडलेलेच नाही, ते न सांगता त्याच्या गाडीला बसवणे ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांची फसवणूक झाली त्यांना टायर बसवण्याआधी ते सुटे पाहू दिले गेले नव्हते, ही एक गोष्ट मात्र मला जवळजवळ सर्वांच्या सांगण्यात आढळली. चहापाणी घेऊन बसा, तासाभरात गाडी तयार होईल, असे आपुलकीने सांगितले जाते आणि तोवर तारखा आत गेलेल्या असतात.

म्हणून टायर रिमवर चढण्यापूर्वी चारही जमिनीवर आडवे ठेवायला सांगावेत, दोन्ही बाजू पाहाव्यात, डीओटीचे शेवटचे चार अंक आणि भार निर्देशांक यांची छायाचित्रे घ्यावीत, गाडीच्या तक्त्याशी ती पडताळावीत आणि हेच आकडे बिलावर लिहून घ्यावेत. चारही टायरांच्या तारखा एकमेकींच्या जवळच्या असाव्यात. विक्रेता बिलावर क्रमांक लिहायला तयार नसेल, तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.

ज्यांनी अलीकडे टायर बदलले आहेत आणि ज्यांना बाहेरच्या बाजूला चार अंकी तारीख दिसत नाही, त्यांनी गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवावे आणि इंजिन बंद करून पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूचे छायाचित्र मोबाइलने घ्यावे. मागच्या चाकांसाठी कोणत्याही गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर घेतली की काही मिनिटांत काम होते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये. तारीख जुनी निघाली तर टायर विक्रेत्याच्या ताब्यात न देता प्रथम लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. टायर उतरवायचे झाल्यास दुसऱ्या ठिकाणी उतरवून त्यांच्या क्रमांकांसह तसा कागद लिहून घ्यावा. टायर बदलले जाईपर्यंत पावसात वेग कमी ठेवावा आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा बरेच जास्त अंतर राखावे.