ब्रोकोलीच्या निर्यातीसाठी पॅकहाऊसची सेवा : एका उत्पादकाचा अभिप्राय

नारायणगाव परिसरातील एका खासगी पॅकहाऊसला (शेतमालाची प्रतवारी व पॅकिंग करून तो निर्यातीसाठी तयार करणाऱ्या केंद्राला) आम्ही या रब्बी हंगामात ब्रोकोली आणि कोबी असा दोन्ही माल दिला. ब्रोकोली उत्पादकांनी ही सेवा अवश्य घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याचे मुख्य कारण तेथील प्री-कूलिंग, म्हणजे पॅकिंगआधी माल झपाट्याने थंड करण्याची सोय, हे आहे.

ब्रोकोलीचा गड्डा म्हणजे न उमललेल्या कळ्यांचा झुबका. काढणीनंतरही त्याच्या श्वसनाचा वेग फार असल्यामुळे साध्या हवेत ठेवलेला माल दोन-तीन दिवसांत पिवळा पडू लागतो. तोच शून्य अंशाच्या आसपास आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवला, तर दोन-तीन आठवडे हिरवा राहतो. त्यामुळे न्हावाशेवा बंदरातून कंटेनरने दुबईकडे जाणाऱ्या मालाचे भवितव्य बरेचसे शेतावरून निघाल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच ठरते. या पॅकहाऊसमध्ये क्रेट उतरवल्यावर ते थेट शीतगृहात नेत नाहीत. आधी वेगळ्या खोलीत क्रेटच्या दोन रांगांवर ताडपत्री ओढून मोठ्या पंख्याने थंड हवा मालातून खेचली जाते, आणि मधल्या क्रेटमधील गड्ड्याच्या देठात तापमापकाची सुई खुपसून गाभा दोन अंशांपर्यंत उतरल्याची खात्री झाल्याशिवाय पॅकिंग सुरू होत नाही. पूर्वी आम्ही ज्या निर्यातदाराला माल देत होतो, त्याच्याकडे खोलीच्या भिंतीवरील आकडा पाहूनच समाधान मानले जाई. क्रेटच्या मधोमध असलेले गड्डे आतून गरमच राहत, आणि पुढे ते पिवळे पडले की नुकसान आमच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) वजा होई.

प्रतवारीही चोख आहे. तेथील पर्यवेक्षक काही गड्ड्यांचे देठ आमच्यासमोर कापतात. आमच्या एका प्लॉटच्या मालात देठ आतून पोकळ निघाला, तेव्हा त्यांनी तो हातात देऊन बोरॉनची कमतरता आणि नत्राचा जादा डोस ही दोन्ही कारणे समजावून सांगितली. कीटकनाशकांच्या अवशेषांबाबतही ते काटेकोर आहेत : फवारणीची नोंदवही पाहिल्याशिवाय आणि शेवटची फवारणी व काढणी यांतील अंतर तपासल्याशिवाय माल स्वीकारत नाहीत. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाच्या (ज्याच्या अळ्या कोबीची पाने खातात) बंदोबस्तासाठी कोबीत मोहरीच्या सापळा ओळी, म्हणजे किडीला स्वतःकडे ओढून घेणाऱ्या ओळी, लावण्याचा आणि फवारण्या कमी करण्याचा त्यांचा आग्रह मला मनापासून पटला. फायटो प्रमाणपत्राची (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या, निर्यातीसाठी लागणाऱ्या सरकारी दाखल्याची) कागदपत्रेही तेच सांभाळतात.

दोन बाबतींत मात्र सुधारणा हवी. टोमॅटोची आवक वाढली, तेव्हा पिकत आलेल्या टोमॅटोचे क्रेट ब्रोकोलीच्याच शीतगृहात ठेवलेले मी पाहिले. टोमॅटोतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे ब्रोकोली लवकर पिवळी पडते, हे त्यांना सांगण्याची वेळ उत्पादकावर येऊ नये. दुसरे म्हणजे नाकारलेल्या मालाचे वजन आमच्या माघारी होते आणि पट्टीवर केवळ एकूण आकडा येतो. गड्डे फुलले म्हणून नाकारले, अळीमुळे नाकारले की हाताळणीत मार लागल्यामुळे नाकारले, हे कळले तर पुढच्या तोडणीत सुधारणा करता येईल.

कोबीबाबत माझे मत वेगळे आहे. कोबी मुळातच टिकाऊ असल्याने या महागड्या कूलिंगचा तिला ब्रोकोलीइतका लाभ होत नाही, आणि पॅकिंग व हाताळणीचा खर्च वजा जाता वाशीच्या बाजारापेक्षा आमच्या हाती विशेष काही जादा आले नाही.

माल द्यायचा असल्यास तोडणी भल्या पहाटे करावी, कळ्या घट्ट असतानाच गड्डा काढावा आणि क्रेट सावलीत ठेवावेत. दवाने ओला झालेला माल कुजण्याच्या भीतीने येथे बाजूला काढला जातो. गाडीची वेळ आदल्या संध्याकाळीच फोन करून पक्की करावी, कारण प्री-कूलिंगची खोली एकच आहे आणि उशिरा पोचलेल्या गाडीला ताटकळावे लागते.