फिशटँकसाठी हाताने बनवलेली सहा लिटरची राखीव टाकी: आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी फिशटँकच्या शेजारी काचेची एक उभी पेटी बनवून ठेवली. आतून १५ × १५ सेंटीमीटर, उंची ३०, पाणी भरतो २८ पर्यंत, म्हणजे ६.३ लिटर. तिच्यात ५ व्होल्टचा छोटा पंप, टँकमध्ये एक फ्लोट स्विच आणि दोघांच्या मध्ये पातळ नळी. टँकमधलं पाणी आटलं की स्विचचा तरंगणारा मणी खाली येतो आणि पंप आटलेलं पाणी भरून काढतो. एवढंच यंत्र आहे. सध्या छान चाललंय. मात्र या आठ महिन्यांत एकदा फरशी पुसावी लागली आणि एकदा पुसायची वाचली. त्या वाचलेल्या वेळेमुळेच हे लिहायला बसलोय.

आधी गरज काय होती ते सांगतो. टँक ६० × ३० × ३६ सेंटीमीटरचा, गोड्या पाण्याचा. झाडं भरपूर, काही निऑन टेट्रा, चेरी श्रिंप आणि न बोलावता आलेल्या गोगलगायी. वर झाकण नाही, त्यामुळे पातळी रोज साधारण ४ मिलिमीटर उतरते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आतलं क्षेत्रफळ ५९ × २९ धरलं तर ते रोजचं पाऊण लिटरच्या जवळपास जातं. उकाड्यात पाण्यावर पंखा लावला की ७ मिलिमीटर, म्हणजे १.२ लिटर. पातळी उतरली की मागे टांगलेल्या फिल्टरची धार उंचावरून पडून रात्रभर खळखळते, हीटरचं डोकं उघडं पडायला लागतं, आणि मग चौथ्या दिवशी आपण धावतपळत दोन-अडीच लिटर गार पाणी एकदम ओततो. मी तेच करत होतो. श्रिंपना ते आवडत नाही, हे त्या ज्या वेगाने मॉसच्या, म्हणजे शेवाळासारख्या झुपक्याच्या, खाली पळत त्यावरून कळायचं.

आता मापाबद्दल. माझ्या मनात मोठी टाकी होती: २० × २० × ४०, म्हणजे १४-१५ लिटर, तीन आठवडे बघायला नको. कागदावर आकृतीही काढून झाली होती. मग सहज एक हिशेब केला. स्विच अडकला आणि सगळं पाणी टँकमध्ये गेलं तर? मी पाण्याची पातळी काठापासून ४ सेंटीमीटर खाली ठेवतो. त्या मोकळ्या जागेत ६.८ लिटर मावतं. १४ लिटर आलं तर उरलेलं सात-सव्वासात लिटर थेट जमिनीवर. तेव्हा आकृती फाडली आणि उलट्या बाजूने सुरुवात केली: आपण किती दिवस गावाला जातो हे विसरायचं, टँकच्या काठाखाली जागा किती उरते ते मोजायचं, आणि राखीव टाकी त्याहून थोडी लहान करायची. ६.३ लिटर पूर्ण ओतलं गेलं तरी पातळी ३.७ सेंटीमीटर चढते. काठाला ३ मिलिमीटर शिल्लक. नऊ दिवस पुरतं, पंखा चालू असेल तर पाचच. कमी आहे, मान्य. पण तिचा लहानपणा हाच तिचा सगळ्यात भरवशाचा भाग आहे, कारण त्याला वीज लागत नाही आणि तो अडकत नाही.

सुरुवात मात्र काचेने केली नव्हती. आधी धान्य ठेवायचा चौकोनी प्लॅस्टिकचा डबा घेतला. दोन आठवड्यांत त्याच्या भिंतींना पोट आलं. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, टाकी अरुंद आहे म्हणून तो कमी होत नाही. २८ सेंटीमीटर पाण्याचा १५ सेंटीमीटर रुंदीच्या भिंतीवर मिळून जवळपास ६ किलोचा जोर येतो. पातळ प्लॅस्टिक तो रोज सहन करत नाही. शिवाय मी हौसेने तळाशी भोक पाडून नळी बसवली होती, आणि तिथून झिरपायला लागलं. नंतर एक नियम केला: टाकीला भोक पाडायचंच नाही, नळी काठावरून आणायची. भोकच नाही तर त्याची गळती कुठून येणार?

काच ५ मिलिमीटरची घेतली. तळ १६ × १६, पुढची-मागची १६ × ३०, आणि बाजूच्या दोन १५ × ३० नाही, तर १४.९ × ३०. तो एक मिलिमीटर सिलिकॉनच्या थरासाठी सोडायचा असतो. मी पहिल्यांदा बरोब्बर १५ कापून घेतल्या आणि मागची काच तळाच्या कडेबाहेर डोकावू लागली, तेव्हा पुन्हा कापून घ्याव्या लागल्या. सिलिकॉन ॲसिटिक प्रकारचं, लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं, आणि त्यात बुरशीनाशक नको. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये ते बऱ्याचदा असतं आणि माशांना घातक ठरतं. कडा ॲसिटोनने पुसल्या, चिकटपट्टी लावली, सिलिकॉन भरलं आणि बोट फिरवलं. इथे चूक झाली. चौथ्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो त्यावर साय धरली होती आणि बोटाबरोबर ती ओढली गेली. वाळायला आठवडा दिला, मग टाकी कोऱ्या कागदावर ठेवून ४८ तास भरून पाहिली. कागदावर सकाळी एक ओला ठिपका, बरोबर त्याच कोपऱ्याखाली. वरून नवा थर चोपडून भागत नाही, वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन धड चिकटत नाही. ब्लेडने आतला सगळा कोपरा खरवडून, दोन्ही शेजारच्या कडांसकट पुन्हा भरला. तेव्हापासून कोरडी आहे. ज्यांना पहिलीच काचपेटी करायची आहे त्यांनी एका वेळी एक कोपरा संपवावा, सगळीकडे भरून मग बोट फिरवायला निघू नये.

आता फरशी पुसली ती गोष्ट. पंपाची धार टँकमध्ये पडताना टपटप आवाज यायचा. रात्री तो खुपायला लागला म्हणून मी नळीचं टोक दोन सेंटीमीटर पाण्यात बुडवलं. आवाज बंद, मी खूश. दोन दिवसांनी लक्षात आलं की पंप काही मिनिटांनी उगाच चालू होतोय आणि राखीव टाकीतलं पाणी काही कमी होत नाहीये. विचित्र वाटलं, पण दुर्लक्ष केलं. त्याच संध्याकाळी वीज गेली आणि अर्ध्या तासाने पाय ओले झाले. वीज जाण्याआधी टँकची पातळी ३२ सेंटीमीटरवर होती, राखीव टाकीची २७ वर. या पंपाला उलटा प्रवाह अडवणारी झडप नसते. तो थांबला की बुडलेल्या टोकातून टँकचं पाणी सायफनने, म्हणजे भरलेल्या नळीतून आपोआप खालच्या पातळीकडे, मागे येत होतं, पातळी उतरली की स्विच पुन्हा पंप चालू करत होता, असा दोघांचा खो-खो चालला होता. वीज गेली आणि एक गडी बाद झाला. नळीचं टोक उघडं पडेपर्यंत तीनेक लिटर मागे आलं, त्यातलं निम्म्याहून जास्त टाकीच्या काठावरून बाहेर. आता टोक पाण्याच्या दोन सेंटीमीटर वर क्लिपने पक्कं आहे, आणि धार थेट पाण्यात न पडता काचेवरून घरंगळते. आवाज येत नाही. इतकं सोपं होतं.

तुमची राखीव टाकी टँकपेक्षा उंचावर असेल तर हेच संकट उलट्या दिशेने येतं. तिथे टोक हवेत ठेवूनही उपयोग नाही. टाकीतली पातळी टोकाहून वर असेल तर पंप थांबल्यावरही पाणी येतच राहतं. म्हणून टाकी खाली, टोक वर.

आणि वाचलेली वेळ. पाचव्या महिन्यात, रात्री उशिरा, घरघर ऐकू आली. पंप कोरडा फिरत होता. राखीव टाकीत तळाला बोटभर पाणी, आणि फिशटँक काठोकाठ. काठाच्या तीन-चार मिलिमीटर खाली येऊन पाणी थांबलेलं. मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो थोडा वेळ. फरशी कोरडी होती.

आरोप आधी गोगलगायींवर गेला, कारण त्या फ्लोटवर बसतात आणि त्यांच्या वजनाने मणी खाली राहतो. हे पूर्वी एकदा होता होता टळलं होतं, म्हणून भोवती जाळी लावली होती. पण जाळी स्वच्छ होती. मणी हाताने वर उचलला तरी पंप थांबेना. स्विचवर टिचकी मारली आणि थांबला. आतली रीडची नाजूक पाती, म्हणजे जोडली की वीज जाऊ देणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, एकमेकींना चिकटली होती. अशा स्विचमधून मोटरचा पूर्ण प्रवाह सरळ नेला की चालू-बंद होताना ठिणगी पडते आणि पाती हळूहळू जळत, चिकटत जातात. जोडणी माझीच होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं. आता स्विचमधून फक्त इशारा जातो, मोटरचा भार मॉसफेटची (इशाऱ्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचची) छोटी पट्टी उचलते, आणि मोटर बंद होतानाचा विजेचा झटका जिरवायला तिच्यावर उलटा डायोड आहे. त्याशिवाय नळीवर हवेच्या नळीचा साधा व्हॉल्व्ह बसवून धार मिनिटाला ५० मिलिलिटरवर आणली, आणि पंपाला टायमरने दिवसातून दोनदा १५-१५ मिनिटंच वीज मिळते. आता सगळं बिघडलं तरी दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जाऊ शकत नाही. हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

त्या रात्री माशांना काही झालं नाही. पन्नासेक लिटरमध्ये सहा लिटर, तापमान जेमतेम अर्धा अंश उतरलं. समुद्री टँकवाल्यांनी मात्र हा हिशेब क्षारतेनेही करावा. त्यांच्याकडे लिटरला ३५ ग्रॅम क्षारांवरून एका रात्रीत ३१ पर्यंत येणं म्हणजे खेळ नाही.

पाणी कोणतं भरायचं, यावर मी तीन महिने चुकत होतो. नळाचं भरायचो, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) १५०. आठवड्याला दहा लिटर पाणी नेमाने बदलूनही टँकचा टीडीएस चढत २२० च्या आसपास जाऊन बसला. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आणि मी रोज पाऊण लिटर पाण्याबरोबर नवे क्षार घालत होतो. आरओचं पाणी भरायला लागल्यावर दोन महिन्यांत आकडा १७० च्या खाली आला. पाणी बदलताना मात्र नळाचंच घालतो, क्लोरीन घालवून, कारण झाडांना आणि श्रिंपच्या कवचाला क्षार हवेतच. कोणाला वाटेल की आपोआप भरणी आहे, आता पाणी बदलायला नको. तसं होत नाही. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेट वाफ होऊन जात नाही.

बाकी देखभाल थोडी आहे. पारदर्शक काचेत महिन्याभरात हिरवी साय धरली, म्हणून तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावला आणि चौथ्या बाजूला बोटभर फट ठेवून मापपट्टी चिकटवली. एक सेंटीमीटर म्हणजे २२५ मिलिलिटर. या पट्टीने अनपेक्षित मजा दिली. दमट दिवसात किती आटलं, पंख्याने किती, हे रोज दिसतं आणि मी ते वहीत लिहायला लागलोय, कशासाठी ते विचारू नका. दीड महिन्याने आतून बुळबुळीत थर येतो. पातळ व्हिनेगरने पुसून दोनदा धुतो, पंपाचा पंखाही काढून साफ करतो. झाकण हवं, नाहीतर डास अंडी घालतात, पण हवाबंद नको. पाणी उपसलं जाईल तशी आत हवा यायला हवी. माझं ॲक्रिलिकचं झाकण खालून दमट, वरून कोरडं राहून बशीसारखं वाकलंय. ते काचेचं करायचं आहे, आणि टँकच्या काठाजवळ दुसरा फ्लोट स्विच बसवायचा आहे. दोन्ही वस्तू महिनाभर खणात पडून आहेत.